खंडेनवमीच्या आधीची अकरा कार्डं

ज्या माणसाच्या सहीवर विमान हवेत जातं, त्याला एक प्रश्नही न विचारता तुम्ही कधी खोटारडा ठरवलंय?

मी ठरवलंय. लाल शाईनं, हाताएवढ्या अक्षरांत लिहून, तो कागद त्याच्याच शेडच्या दारावर चिकटवलाय. त्याला दोन वर्षं झाली. खळ वाळायच्या आत मागं उभं राहून मी तो कागद दोनदा वाचला होता, आणि मला तो आवडला होता. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, वडील एका छोट्या छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सीमाप्रश्नाची, वखारीतल्या बायकांच्या मागण्यांची, जातीविरुद्धची, अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धची. शाई पसरून वाया गेलेली पत्रकं वडील घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं केली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळं माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं आधी आली आणि स्वल्पविराम फार उशिरा.

वखारीत एक रजिस्टर होतं. कामावरच्या बायकांच्या लहान पोरांसाठी पाळणाघर ठेवायचं, रोज किती पोरं आली ते लिहायचं, असा नियम होता. पाळणाघर नव्हतंच. पोरं तंबाखूच्या पोत्यांवर झोपायची, खोकत उठायची. पण रजिस्टर चोख होतं. आई हसून सांगायची, "आमची पोरं रजिस्टरात पाळण्यात झोपल्यात बघ. म्हैन्याच्या पैल्या तारखेलाच म्हैनाभर झोपवून टाकल्यात." त्या हसण्यानं मला राग यायचा. दहा-बारा वर्षांची असताना मी एक तत्त्व पक्कं केलं: काम व्हायच्या वेळेआधी भरलेली नोंद ही खोटी नोंद. ते तत्त्व मी कधी तपासून पाहिलं नाही.

पुढं शिष्यवृत्तीवर बेळगावात डिप्लोमा केला आणि तिथल्याच उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी लागली. आमच्या मालकांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. फौंड्र्यांच्या मालसाठ्याचे हिशेब त्याच्यावर ठेवून द्यायचे, हा आमचा धंदा. एसीची एकच खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार दारातून डोकावून बघायचे आणि मी त्यांना ऐटीत आत बोलवायची.

एक दिवस मालकांनी वेगळंच काम आणलं. गावाबाहेर धावपट्टीच्या कडेला एका कंपनीचं पत्र्याचं शेड होतं. उसावरच्या किडीवर औषध फवारणारी तीन छोटी विमानं त्यांच्याकडं होती. विमानाचं एक असतं: बिघडल्यावर दुरुस्त करून चालत नाही. न बिघडताच, ठरल्या वेळी, ठरलेलं काम करावं लागतं. बॅटरी दर पंधरा दिवसांनी, शेपटीच्या तारांना ग्रीस महिन्याला, आग विझवायच्या नळकांड्याचं वजन सहा महिन्यांनी, इंजिनाचं तेल इतके तास उडाल्यावर. काम झालं की त्या दिवसापासून पुढची तारीख धरायची. अशी शंभरावर कामं, गुणिले तीन विमानं. हे सगळं कॉम्प्युटरनं लक्षात ठेवावं, कुठलं काम कधी आलं आणि कुठलं चुकलं याची यादी दर आठवड्याला छापून द्यावी, असा प्रोग्रॅम मला लिहायचा होता.

तोवर ते सगळं एकटा माणूस लक्षात ठेवत होता. शेडचा मुख्य मेकॅनिक, खानापूरकडच्या एका खेड्यातला शेतकरी घरातला. पन्नाशी ओलांडलेला, सगळे त्याला आप्पा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. तिथीवारांची तीन भिंतीवरची कॅलेंडरं, प्रत्येक विमानाला एक. काम झालं की पानं उलटून पुढच्या तारखेच्या चौकोनात तो पेन्सिलीनं काम लिहायचा. बस्स, एवढीच पद्धत. काम झाल्याची सही करायचा सरकारी परवाना त्याच्याकडं होता. ती सही असल्याशिवाय विमान हलायचं नाही, आणि ती एकदा खोटी ठरली तर परवाना कायमचा गेला.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "कुठल्या तुमी, आक्का?"

"निपाणीची," म्हणाले, आणि वस्तीचं नावही मुद्दाम ठासून सांगितलं, म्हणजे जात आपोआप कळावी. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. त्यानं शेडमधली एकुलती धड खुर्ची फडक्यानं पुसली आणि माझ्याकडं सरकवली.

"बसा. विमानाचं काम उभ्यानं सांगून सपत न्हाय."

तीन आठवडे तो सांगत होता आणि मी लिहून घेत होते. वाद एकदाच झाला. सुट्ट्यांची यादी करताना तो म्हणाला, "खंडेनवमी आन् दसरा, दोन दिस सोडा. आन् त्याच्या आधी दोन दिस धरा. सगळी हत्यारं उतरून रॉकेलनं धुतो आमी, रंग देतो. नवमीला पूजा. त्या दिवशी पाना बी उचलायचा न्हाय."

"आप्पा, विमानाला नवमी कळते का?"

"विमानाला न्हाय कळत. आमास्नी कळतंय की."

शेडमधले हसले. मला वाटलं, मला हसले. मी चिडून भाषणच केलं. यंत्राची पूजा करणं म्हणजे यंत्र ज्यानं शोधलं त्याच्या बुद्धीचा अपमान, वगैरे. माझ्या प्रोग्रॅममध्ये देवाची सुट्टी असणार नाही, म्हणाले.

आप्पा शांतपणे म्हणाला, "बरं. तुमचं मशीन तुमच्या मनानं चालू द्या. आमी आमचं आधी करून ठिवतो."

ही गोष्ट त्यानं मला तोंडानं सांगितली होती. मी ती ऐकली, आणि जिंकले असं समजून पुढच्या पानावर गेले.

प्रोग्रॅम लिहिताना मी त्यात एक कुलूप घातलं. कुणी सांगितलेलं नसताना, माझ्या तत्त्वापायी. कामाच्या ठरल्या तारखेच्या तीन दिवसांहून आधीची नोंद आली, तर ती घ्यायचीच नाही. महिनाभराची पोरं पहिल्या तारखेला झोपवणारा माणूस माझ्या यंत्रात शिरता कामा नये. आणि नोंद नाकारली हे पडद्यावर दाखवायचंही नाही, म्हणजे खोटं भरणाऱ्याला कुलूप कुठं आहे ते कळणार नाही. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर फार खूष होते.

खरं तर वेळेआधी केलेलं काम चुकीचं नसतंच. पुढची तारीख तेवढी अलीकडं येते, इतकंच. हे आप्पानं पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं आणि माझ्या वहीत ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेडमधून नेहमीपेक्षा जाड गठ्ठा आला. एका कामाचं एक कार्ड, त्यावर कामाचा नंबर, तारीख, सही. मी उद्यमबागेत बसून ती सगळी कार्डं यंत्रात घातली. नुसते आकडे. बोटं चालत होती, डोकं कुठल्यातरी सभेत होतं. कार्डं ड्रॉवरमध्ये टाकली.

खंडेनवमीला त्यांनी मला बोलावलं. पाने, पक्कडी, जॅक, सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडलेलं, त्यावर झेंडूची फुलं. मी फूल वाहिलं नाही. "बरं, नका. पेढा तरी घ्या," आप्पा म्हणाला. तोही घेतला नाही. मी आजही हत्यारांना फूल वाहत नाही आणि मला लाज वाटते ती त्याची नाही. लाज याची वाटते, की त्या दिवसापासून मी त्या माणसाची चूक शोधत होते.

दसऱ्यानंतरच्या यादीत ती मला सापडली. छापता छापता अकरा ओळींपुढं चांदण्या उमटल्या. चांदणी म्हणजे वेळ टळून गेलेलं काम. दोन विमानांची मिळून अकरा कामं, सगळी दसऱ्याच्या आसपासची. एखादी असती तर मी थांबले असते कदाचित. अकरा बघून मला पुरावा मिळाल्यासारखं झालं. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता. तो मी उघडला नाही. ड्रॉइंगचा मोठा कागद घेतला.

"देवाला फूल, विमानाला धूळ! अकरा कामं बाकी, सह्या मात्र तयार! आरतीनं इंजिन चालत नाही! वैमानिकाच्या जिवाला जबाबदार कोण?"

बसमधून जाताना गुंडाळी मांडीवर धरून बसले होते. कागद शेडच्या दारावर लावला आणि यादी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

मॅनेजर धारवाडकडचे, भला माणूस, पण यादी बघून त्यांचा चेहरा उतरला. त्या सकाळी दोन विमानं फवारणीला निघायची होती. ते बाहेर आले. दोन्ही पायलट, हेल्पर, औषध घेऊन आलेले दोघे-तिघे ऊसवाले, सगळे दारापाशी जमलेले.

"काय री आप्पा हे?"

"काय हाय?" आप्पा खिशात चष्मा शोधत पुढं आला.

कुणीतरी म्हणालं, "वाचा की आप्पा, तुमचीच लग्नपत्रिका हाय." चारजण हसले.

त्यानं ती मोठ्यानं वाचली. एकेक शब्द, सावकाश, शाळेत उभं राहून वाचावं तशी. शेवटपर्यंत वाचली. तोवर हसणं बंद झालं होतं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, सह्या मात्र तयार म्हंजे? मी खोटी सही केलो म्हणतासा?"

मी म्हणाले, "मी नाही म्हणत. यादी म्हणते."

"यादी कोण करतंय?"

"मशीन."

"आन् मशीनला कोण सांगतंय?"

मॅनेजर मध्ये पडले. "ते राहू दे. कामं केलीत का नाही?"

"केलंय, साहेब. पंचमी-सष्टीलाच. कार्डं बाईंकडं दिल्यात."

"आलेली सगळी कार्डं मी स्वतः घातलीत," मी म्हणाले. "काम झालं असतं तर यादीत दिसलं असतं."

मॅनेजरनी कपाळावरून हात फिरवला. विमानं उभी ठेवायची. बाहेरून इंजिनिअर बोलवून दोन्ही तपासून घ्यायची. आणि सहीचा प्रश्न आला म्हणजे वर रिपोर्ट पाठवावाच लागणार. आप्पाला म्हणाले, "तोवर तुम्ही घरी राहा री." आप्पानं कमरेच्या चाव्या काढून टेबलावर ठेवल्या. जाताना तिन्ही कॅलेंडरांपाशी थोडा थांबला. मग हात न लावताच गेला.

रविवारी मी निपाणीला गेले आणि आईला सगळं सांगितलं. अगदी पत्रकासकट, चालीवर म्हणून दाखवलं. आई तांदूळ निवडत होती.

"मग त्यो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? केलंय म्हणाला."

"मग?"

"मग काय? नोंदीत नाही ना ते."

आईनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "आमचं म्हणणं तरी कुठं हुतं गं नोंदीत? आमी म्हणत हुतो पाळणा न्हाय. रजिस्टर म्हणत हुतं हाय. सायेब रजिस्टर वाचून जात हुता." मग थांबून म्हणाली, "त्येची कार्डं बघितलीस काय?"

मी सूप माझ्याकडं ओढलं आणि खडे वेचू लागले.

सोमवारी सगळ्यांच्या आधी उद्यमबागेत पोचले आणि ड्रॉवर उघडला. अकराच्या अकरा कार्डं होती. पंचमी आणि षष्ठीच्या तारखा, पेन्सिलीनं आधी लिहून त्यावर पेननं गिरवलेल्या, खाली सही. एक कार्ड परत यंत्रात घातलं. यंत्र काही बोललं नाही. यादी काढली, नोंद नव्हती. मग प्रोग्रॅम उघडून ती ओळ शोधली. शोधायला वेळ लागला नाही. मीच लिहिली होती.

इथं तरी मी नीट वागले असते तर आज हे लिहायला बसले नसते. मी मालकांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"पोरी, चूक आपली आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलंस तर उद्या फौंड्रीवाले पण म्हणतील, आमचा साठा पण चुकला. टेक्निकल कारण लिही आणि मोकळी हो."

मी भांडेन असं मला वाटलं होतं. छापखान्याच्या रद्दीवर वाढलेली मुलगी, कुणापुढं न वाकणारी. मी टाइपरायटरवर इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या: तांत्रिक कारणांमुळं मागील यादी रद्द समजावी. माझं नाव नव्हतं, आप्पाचं नव्हतं, चूक हा शब्द नव्हता. ते पत्र मॅनेजरच्या फायलीत गेलं. दारावरचा कागद मी जाऊन काढला नाही. तो कुणी काढला, कधी काढला, मला माहीत नाही.

बाहेरचा इंजिनिअर आला. त्यानं दोन्ही विमानं खोलून बघितली आणि सगळी कामं झालेली आहेत असं लिहून दिलं. आप्पाचा परवाना शाबूत राहिला. मॅनेजरनी आप्पाला परत बोलावलं आणि तो आलाही. पण आता त्यानं सही केली की पायलट खाली उतरून स्वतः एक फेरी मारायचा. तारा ओढून बघायचा, बॅटरीचं झाकण उचलून बघायचा. महिनाभर आप्पानं ते पाहिलं आणि चाव्या देऊन टाकल्या. या वेळी कुणी मागितल्या नव्हत्या.

हे मला एका हेल्परनं सांगितलं. मी खानापूरची गाडी पकडली आणि तिथून त्याच्या गावी चालत गेले. खळ्यावर आप्पा भाताची मळणी करत होता.

"इतक्या लांब कशाला आलासा, आक्का? गाडी मिळाली का वेळंवर?"

त्याच्या बायकोनं तांब्या आणून दिला. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. तिला मी कोण ते माहीत होतं.

मी म्हणाले, "आप्पा, चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. माझी होती."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. यादी म्हणते म्हणालासा, तवाच."

"मग तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

"बोललो की. केलंय म्हणलो." त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. "केलेल्या कामाला आणि काय म्हणायचं असतंय?"

मी सांगितलं की आता प्रोग्रॅम बदललाय. आधीची नोंद घेतो, काम झाल्या दिवसापासून पुढची तारीख धरतो, आणि एखादी नोंद नाकारली तर का नाकारली ते पडद्यावर लिहितो. दसऱ्याचे चार दिवसही घातलेत.

"घातलासा व्हय? बरं झालं. पुढच्याला उपेग हुईल."

मग मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पेंढी परत उचलत म्हणाला, "मला एकट्याला खळ्यावर येऊन सांगून काय हुतंय, आक्का? परवा खानापूरच्या बाजारात एकजण म्हणाला, ह्योच त्यो, पूजेपायी विमानं तशीच उडवणारा. माझ्या नातीच्या म्होरं म्हणाला. तुमी दारावर लिवलासा मऱ्हाटीत, आन् माघारी घेतलासा विंग्रजीत. दार सगळ्यांनी वाचलं. फाइल कोण वाचतंय?"

त्याचं नाव छापू का, म्हणून मी विचारलं. नको म्हणाला. नाव आधीच लई फिरलंय.

म्हणून नावाशिवाय, मराठीत, दोन वर्षं उशिरा, मी हे लिहिते आहे. ते पत्रक माझं होतं. त्यातली "अकरा कामं बाकी" ही ओळ खोटी होती आणि "सह्या मात्र तयार" ही त्याहून खोटी. कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे असाल, तर फवारणीच्या विमानांची आणि त्या पूजा करणाऱ्या मेकॅनिकची गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. खडेबाजारात, उसाच्या बांधावर, एसटीत. एक काम करा. ज्यानं ती तुम्हाला सांगितली त्याच्याकडं परत जा आणि सांगा, की अकराच्या अकरा कामं खंडेनवमीच्या आधी झाली होती आणि खोटं लिहिणारी मी होते. चिठ्ठी नको. चारचौघांत, मोठ्यानं सांगा. जमलं तर खानापूरच्या बाजारात सांगा.